मारुती ८०० (१९९८): सकाळी वरचा रेडिएटर होज चपटा दिसतो, सगळे होज बदलू का?

पाटणची_आठशे

नमस्कार. आधी गाडीचं सांगते. १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, बिगर एसी. २०२३ला पाच हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, त्यामुळे २०२८पर्यंत ती विकायचा विषय कुणी काढायचा नाही असं घरात जाहीर केलंय. पाटणला माझं औषधाचं दुकान, माहेर चिपळूणला. म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट उतरणं आणि चढणं आलंच.

मेमध्ये माहेराहून परत येत होते. पोफळी सोडलं, घाट लागला. दुपारचे दोन, पुढे सिमेंटचा ट्रक, मागे मी दुसऱ्या गिअरवर. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला होता, खोटं कशाला सांगू, पण ट्रकला मागे टाकायच्या नादात दोन वळणं तशीच काढली. मग फस्सकन आवाज, काचेवर वाफ आणि तो गोडसर वास. गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं आणि चाळीस मिनिटं कशालाही हात न लावता बसून राहिले. भाजलेल्यांना मलम मीच विकते, तेवढी अक्कल आहे.

थंड झाल्यावर पाहिलं तर वरचा होज (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला नेणारी जाड रबरी नळी) रेडिएटरच्या तोंडाशी, क्लिपच्या लगेच मागे, बोटभर उभा फाटलेला. एक ट्रकवाले दादा थांबले. त्यांनी फाटलेलं टोक सरळ कापून टाकलं, उरलेला होज ओढून परत तोंडावर चढवला, क्लिप आवळली. कॅनमधलं पाणी ओतलं. म्हणाले, रेडिएटरची कॅप पहिल्या खाचेवरच ठेवा, पूर्ण फिरवू नका, म्हणजे प्रेशर धरणार नाही. तशीच हळूहळू, दोनदा थांबून पाणी घालत हेळवाक गाठलं.

पाटणच्या गॅरेजमध्ये नवीन वरचा होज बसवला (२१० रुपये, पिशवीवर कंपनीचं नावच नाही), कॅप नवीन. रेडिएटरच्या तोंडापासून जादाच्या पाण्याच्या बाटलीकडे जाते ती बारीक नळी कडक होऊन तुटली होती. ती कुठं मिळेना म्हणून मी दुकानातली एक नळी दिली, ती अगदी फिट बसली.

याला आता तीन आठवडे झाले. नवीन त्रास असा की रोज सकाळी बॉनेट उघडलं की वरचा होज मधोमध चपटा. कुणी त्यावर पाय देऊन गेल्यासारखा. कॅप उघडली की 'सुस्स' होतं आणि होज डोळ्यांदेखत गोल होतो. आत पाणी दरवेळी कपभर खाली, आणि बाटली मात्र काठोकाठ. खालच्या होजच्या क्लिपपाशी पांढरट-हिरवी खरपुडीही दिसते.

तिघांना विचारलं. एकाने सांगितलं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेली, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणाला होज डुप्लिकेट, दुसरा टाका. तिसरा म्हणाला या वयात गाडीला काय करायचंय. (गाडीच्या की माझ्या वयात, ते विचारलं नाही.)

माझा प्रश्न साधा आहे. माझ्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर एक्स्पायरी असते. होजची एक्स्पायरी आपल्याला कशी ओळखता येईल? की डोळे मिटून सगळे बदलू?

सांगलीचा_अल्टो

ताई, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. आमच्याकडे जुन्या सगळ्या गाड्यांचे काढलेत, पाणी मोकळं फिरतं, गाडी तापतच नाही. होज कुठलाही टाका, चालतो.

निवृत्त_फिटर

ताई, थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नका. सांगलीकर, राग मानू नका, पण तो काढला की इंजिन गरमच होत नाही, कार्ब्युरेटरची गाडी थंडपणी जास्त पेट्रोल पिते आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. काट्याला बरं वाटतं, इंजिनाला नाही. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी 'थर्मोस्टॅट कुणी काढला' हे विचारण्यात गेली.

आता तुमचा होज. चपटा होज हे हेड गॅस्केटचं लक्षण नाही, उलट त्याच्या बरोबर विरुद्ध आहे. गॅस्केट गेली की सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच होज दगडासारखा टणक होतो. कॅप काढून चालू ठेवलं तर तोंडात बुडबुडे थांबत नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखं पांढरं दिसतं. तुमचा होज फुगत नाहीये, आत ओढला जातोय. म्हणजे गाडी थंड होताना आत पोकळी होते आणि ती भरायला काही येत नाही.

हे नीट समजून घ्या, मग सगळं सोपं आहे. रेडिएटरच्या कॅपला दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगवाला, प्रेशर धरतो. कॅपवर ०.९ असा आकडा असेल, तेवढं. त्या प्रेशरमुळे पाणी शंभरला न उकळता ११८-११९ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तर घाटात गाडी टिकते. प्रेशर त्याच्या वर गेलं की व्हॉल्व्ह उचलतो आणि जादाचं पाणी बारीक नळीतून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की पाणी आकसतं. तेव्हा कॅपच्या खालच्या बाजूला मधोमध एक छोटी चकती असते, ती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. ही परतीची वाट कुठं बंद असेल तर रबर बिचारं काय करणार, चेपणारच.

तुमची बाटली काठोकाठ आणि रेडिएटर कपभर रिकामा. म्हणजे पाणी जातंय, येत नाही. तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, गाडी पूर्ण थंड असताना कॅप काढा, उलटी करा, मधली चकती नखाने उचला. हलकी उचलली गेली पाहिजे आणि सोडल्यावर टच्चकन बसली पाहिजे. दोन, ती बारीक नळी.

आणि आता एक विचारतो. तुम्ही दिलेली नळी नेमकी कसली?

होजच्या तपासणीचं उत्तर वेगळं लिहितो, जेवून येतो.

झेन_९९

कॅपची चकती माझ्या झेनला चिकटलेली निघाली होती, बोअरच्या पाण्याच्या क्षारांमुळे. शंभर-सव्वाशेची कॅप, पण ते कळायच्या आधी मी निळे सिलिकॉनचे होज मागवून बसलो. दिसायला झकास, किंमत चौपट, आणि साधी स्क्रूची क्लिप त्या मऊ सिलिकॉनमध्ये रुतते. माझा एक तिथंच कापला गेला. रस्त्यावरच्या गाडीला साधा रबरी चांगला, फक्त चांगल्या कंपनीचा घ्या.

निवृत्त_फिटर

होजची एक्स्पायरी. चांगल्या कंपन्यांच्या होजवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बसवायच्या आधी वाचून वहीत लिहून ठेवा. एकदा बसला की ऑइल आणि धुळीखाली ते दिसत नाही. मी चार-पाच वर्षांना बदलतो, मग तो कितीही चकचकीत दिसो.

कारण होज बाहेरून मरत नाही, आतून मरतो. आतलं रबर, रेडिएटरचं धातूचं तोंड आणि मधलं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते द्रव) मिळून बॅटरीच्या सेलसारखा खेळ होतो, बारीकसा विजेचा प्रवाह. त्याने रबराला आतून उभ्या चिरा पडतात, त्यातून पाणी रबराच्या थरांमधल्या विणीच्या दोऱ्यांपर्यंत जातं, दोरा कुजतो आणि एक दिवस घाटात फस्स. या चिरा जास्त करून टोकांकडे पडतात, क्लिपपासून दोन इंचांच्या आत. तुमचा नेमका तिथंच फाटला, उभा.

म्हणून होज मधोमध दाबून बघायचा नाही. सगळे तिथंच दाबतात. थंड गाडीत, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या शेंड्याने क्लिपच्या लगेच मागे दाबा. मग मधोमध दाबा. फरक बोटांना कळतो. टोकाला आत खाच असल्यासारखी लागली, दोन भिंती एकमेकांवर सरकल्यासारख्या वाटल्या, की तो होज संपला. दाबल्यावर कुरकुर आवाज आला, वाळक्या पापडासारखा, तर उष्णतेने कडक झालाय. उलट मऊ, चिकट, फुगलेला लागला तर वर कुठून तरी इंजिन ऑइल गळतंय. आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवीनही तसाच होईल.

क्लिपपाशी पांढरी-हिरवी खरपुडी म्हणजे तिथून कूलंट झिरपून वाळलंय. ती पुसून क्लिप आवळून भागत नाही. खाली तोंडावर क्षार धरलेत, त्यावर रबर बसत नाही. खालचा होज बदलाच.

हीटरच्या दोन बारीक होजना सगळे विसरतात. फायरवॉलपाशी (इंजिन आणि आतली केबिन यांच्यामधला पत्रा) हात घालून दाबून बघा.

पाटणची_आठशे

काका, दुकान बंद करून आत्ता बॉनेट उघडून आले. कॅपची चकती नखाने उचलली, टच्चकन बसली. कॅप ठीक.

नळीचं विचारलंत. सांगायला लाज वाटते. युरीन बॅगची नळी आहे. पारदर्शक, नवीकोरी, बॅग कापून दिली होती. गॅरेजवाल्याला तेव्हा मीच म्हणाले होते, बघा, स्टराइल आहे.

आज नीट बघितली. बॅटरीच्या बाजूला वळते तिथं ती चपटी होऊन घडी पडलीय आणि पांढुरकी झालीय. इस्त्री केलेल्या पँटसारखी घडी. गरम पाण्याने मऊ झाली असणार.

निवृत्त_फिटर

हसून हसून बायको बाहेर आली बघायला. ताई, लाजू नका, आमच्याकडे एकाने शहाळ्याची स्ट्रॉ लावली होती.

काय झालं ते कळलं ना? गरम पाणी प्रेशरने जाताना त्या घडीला ढकलून वाट काढतं. थंड होताना मात्र ओढ लागते, आणि मऊ नळी ओढ लागली की स्वतःच मिटते. एका बाजूने उघडणारा व्हॉल्व्हच बसवलात तुम्ही. पाणी बाहेर जातं, परत येत नाही.

आणि मागची गोष्टही आता जुळते. जुनी नळी कडक होऊन तुटली होती म्हणालात. तुटलेल्या नळीतून थंड होताना बाटलीतलं पाणी न येता हवा येते. रोज थोडी हवा, रोज थोडं पाणी कमी. बाटली भरलेली दिसते म्हणून आपण रेडिएटर उघडतच नाही. महिना-दोन महिने असं चाललं असणार, शिवाय खालून झिरपत होतंच. मग मे महिना, दोन वाजताचं ऊन, दुसरा गिअर. होज फाटायच्या आधी काटा चढला होता हे तुम्हीच लिहिलंय. होज जुना होता तो फाटला, पण त्याला तिथवर आणलं त्या नळीने.

नवीन पाइप जाड भिंतीचा, आत दोऱ्याची वीण असलेला, कूलंटला चालणारा घ्या. जुना तुकडा दुकानात घेऊन जा, रेडिएटरच्या तोटीचं माप तिथंच जुळवा. दुसरं टोक बाटलीत तळापर्यंत गेलं पाहिजे, पाण्याच्या वर लटकलं तर परत हवाच ओढेल.

वरचा होजही बदला, बिननावाचा आहे म्हणून. भिंत पातळ असणार, आणि तीन आठवडे रोज चेपलाय.

बसवताना एवढं सांभाळा. गाडी रात्रभर थंड. खाली टब ठेवून ड्रेन कॉक (रेडिएटरच्या तळाची पाणी सोडायची तोटी) सोडा. जुना होज निघत नसेल तर पेचकस घालून उचकायचा नाही. तोंड पितळी असेल तर सोल्डरचा डाग (जोड) सुटतो, प्लास्टिकची टाकी असेल तर तोंडच हातात येतं. होजला ब्लेडने उभी चीर द्या, धातूपर्यंत न जाता, आणि केळीच्या सालीसारखा सोला. तोंड बारीक पॉलिश पेपरने बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. नवीन होज आत सरकायला कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ऑइल-ग्रीस नाही, त्याने हे रबर फुगतं. आणि गॅरेजवाला ट्यूबमधलं सीलंट काढू लागला तर हात धरा. नीट बसलेल्या होजला सीलंट लागत नाही, आणि आत गेलेला तुकडा रेडिएटर चोंदवतो.

क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी, उंचवट्यावर नाही. होजच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत. आवळताना रबर क्लिपच्या कडेने किंचित वर आलं की थांबा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पाव फेरा अजून द्या, कारण पहिल्या गरमीत रबर बसतं.

भरताना घाई नको. कॅप उघडी, हीटर असेल तर गरमवर, हळूहळू ओता. गाडी सुरू करा, वरचा होज हाताने चार-सहा वेळा दाबा, बुडबुडे येतील. काही वेळाने होज एकदम गरम लागेल, तेव्हा थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, परत भरा, मग कॅप. होज दाबताना ओढणी-बिढणी पंख्यापासून लांब. विजेचा पंखा आहे, न सांगता सुरू होतो.

सांगलीचा_अल्टो

काका, साधं पाणी घातलं तर? आमच्याकडे कृष्णेचं पाणी चांगलं आहे.

निवृत्त_फिटर

प्यायला चांगलं आहे. रेडिएटरला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं लोक म्हणतात. ते गंजाविरुद्ध आहे, आणि उकळबिंदू वर नेतं. शिवाय थर्मोस्टॅट परत बसवा.

पाटणची_आठशे

काल रविवारी केलं. गॅरेजमध्ये नाही, दारातच. भाचा आला होता, त्याने पकड आणि दहाचा पाना धरला, बाकी मी.

कराडहून दोन्ही होज आणले, छापलेली तारीख वाचून. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. पहिला होज दोन वर्षांपूर्वीचा निघाला, म्हटलं दुसरा दाखवा. तो म्हणाला, ताई, हे काय औषध आहे का?

खालच्या होजचं रेडिएटरकडचं टोक निघायला पाऊण तास गेला. ब्लेडने चीर देऊन सोलला. तोंडावर पांढऱ्या क्षाराची कड होती, खडूसारखी, पॉलिश पेपरने घासली तर खाली पितळ दिसलं. मग कुतूहल म्हणून जुना खालचा होज पाटावर ठेवून उभा चिरला. बाहेरून काळाभोर, तुकतुकीत. आत, टोकापासून दीड इंचात, चार उभ्या चिरा. एका चिरेत नख घातलं तर आतला दोरा ओला, तपकिरी, आणि ओढल्यावर कुजलेल्या सुतासारखा तुटला. मधल्या भागात काही नाही, नव्यासारखा. काका, तुम्ही मधोमध दाबू नका म्हणालात ते पटलं. मी आधी मधोमध दाबून 'हा चांगला आहे' असंच म्हणाले असते. म्हणजे पुढचा फस्स हाच होता.

एक आमच्या धंद्यातलं सांगते, कारण इथं कुणी लिहिलं नाही. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, टबात उघडं ठेवू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि मूत्रपिंडं जाऊन मरतात. कपभरसुद्धा लागत नाही. खोकल्याच्या औषधात सापडून अधूनमधून बातमीत येतं ते डायइथिलीन ग्लायकॉल याचंच भावंड. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर लाल शाईने 'विष' लिहून ठेवलंय. ते कुठं द्यायचं कुणाला माहीत असेल तर सांगा, पाटणला अजून कुणी घेतलेलं नाही.

हीटरच्या होजपैकी एक दाबल्यावर पापडासारखा वाजला. तोही आणला, पण फायरवॉलच्या बाजूच्या क्लिपपर्यंत माझा हात पोचला नाही आणि भाच्याचा तर त्याहून नाही. तिथं पकड कुठून घालतात? वरून की गाडीखालून?

आज सकाळी बॉनेट उघडलं. होज गोल होता. बाटली कालच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली.

निवृत्त_फिटर

दोन बोटं खाली गेली म्हणजे हवेच्या जागी पाणी आत ओढलं गेलं, बरोबर झालंय. दोन-तीन दिवस बघा, मग पातळी थांबेल. थांबली नाही तर लिहा.

हीटरची क्लिप वरूनच. आधी एअर क्लीनरचं भांडं काढा, मग लांब पेचकस सरळ जातो. जुनी क्लिप कापून टाका, आणि नवीन बसवताना तिचा स्क्रू वर तोंड करून ठेवा, पुढच्या वेळी शिव्या कमी पडतील.